वाघगाडीवाल्यांचं घर

आमच्या इंद्रजितला हात आवरत नाहीत, आणि त्यापायी आमच्या घराची मधली खोली गेली. पडली नाही, चोरीला गेली नाही. आदल्या दिवशी होती, सकाळी नव्हती. सोप्यातून पाऊल उचललं ते थेट चुलीपाशी पडलं. पलंग, कपाट, माझ्या लुगड्यांचं गाठोडं, सगळं खोलीबरोबर गेलं. हा बाहेर अंगणात मोटारसायकलला नवी सीट बसवत होता.

"इंद्या, खोली कुठं गेली रं?"

"बरंच झालं की. चहा लवकर येईल आता," म्हणाला. मान वर केली नाही.

गाडी त्याच्या वडलांची. शार्दूल कंपनीची, टाकीवर पितळेचा वाघ. मला वाचायला फारसं येत नाही, पण वाघ काही वाचावा लागत नाही. आडनाव आमचं चौगुले, पण निम्मं गाव चौगुले. वाघगाडीवाले मात्र आम्हीच. लग्नात आहेर पुकारताना माइकवरसुद्धा "वाघगाडीवाल्यांच्याकडनं" असंच यायचं. त्या गाडीच्या लांब सीटवर मागं बसून मी नवरी होऊन ह्या घरात आले. ती सीट निघाली तशी मी ज्या खोलीत आले ती खोलीही निघाली. ह्यात न समजण्यासारखं काही नाही.

सायलेन्सर त्यानं आधीच बदलला होता. गाडीचा जुना आवाज गेला त्या दिवशी फोटोतल्या आमच्या मालकांनी भिंतीकडं तोंड केलं. आता नुसती पाठ दिसते. मी पाठीलाच हार घालते. मग पुढचा दिवा बदलला, तशी सोप्याची खिडकी मिटली. हँडल बदललं, तसं रस्त्यावरून आमच्या दाराकडं येणारं वळण गेलं. बाजाराहून येताना आता सरळ पुढं जावं लागतं आणि पाठमोरं चालत मागं यावं लागतं. ह्या वयात मला ते जमलं, म्हणून बोलले नाही.

गाडीचा नवा भाग घरी आला की मी उंबऱ्यात ताट घेऊन उभी राहायची. हळदकुंकू लावायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची. आमच्यात नवी वस्तू अशीच घरात घेतात. जुना भाग मागच्या परड्याच्या दारानं भंगारात जायचा. त्याला कुंकू नाही, निरोप नाही. लोक गाडी बघायला यायचे. "मामी, पोराच्या हातात कला हाय," म्हणायचे. मी पदर सावरून ऐकायची. आता वाटतं, तेव्हाच ताट खाली ठेवायला पाहिजे होतं.

पंचमी तोंडावर आली. पंचमीला लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ मुराळी होऊन जातो. आमची वैजू निपाणीला दिलेली, इंद्याच्या पाठची. वर्षभर ती ह्या एका सणाची वाट बघते, आणि मी तिची. मी पुरणाची डाळ निवडायला घेतली आणि ह्यानं गाडीचं इंजिन काढायला घेतलं.

दुसरं इंजिन बसलं त्याच दिवशी कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पानाच्या डब्याएवढा पितळी डबा. बशीत ओतून चहा प्याला. मग डॉक्टर लावतात तसा गाडीला कान लावला.

"ही आमची नव्हे," म्हणाला.

"मग कुणाची?"

"ते आम्ही सांगत नाही, मावशी. आमची नव्हे, एवढंच सांगतो."

त्यानं टाकीवरचा वाघ नखानं उचलला. दुधावरची साय यावी तसा आला. डब्यात ठेवल्यावर वाघानं अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपला. मग तो माणूस गल्लीत दारोदार गेला. लोकांनी आ केला, आणि त्यानं चिमट्यानं एकेकाच्या जिभेवरून आमचं नाव काढून घेतलं. शेजारच्या भागीरथीनं विचारलं, "दुखंल काय वो?" तो म्हणाला, "हलकं वाटेल." तिला हलकं वाटलं असावं. तोंड मिटून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाच्या वो?"

एवढी वर्षं माझ्या डब्यातली साखर नेणारी बाई.

तो परत आमच्या दारात आला. "एक राहिलंय. लेक दिलीय ना तुमची? तिच्या जिभेवर असणार. पत्ता सांगा."

"मला लेक न्हाई," मी म्हटलं. दिवा लावलेल्या देवासमोर म्हटलं.

"निपाणी," इंद्या नट आवळत म्हणाला. "अक्कोळ रोड, तंबाखूच्या वखारीमागं."

"इंद्या!"

"असू दे की, आई. त्येचं काम हाय त्ये."

पंचमीच्या आदल्या दिवशी इंद्या मुराळी होऊन गेला आणि दिवस मावळायच्या आत एकटाच परत आला.

"वैजू कुठाय?"

"सीट एकाचीच हाय, आई. बसवू कुठं तिला? आणि तिथं मला कुणी पाणीसुद्धा विचारलं न्हाई. वैजू म्हणाली, कुणाकडनं आलाय?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"गाडी दाखवली."

त्यानंतर सोपा आणि स्वयंपाकघर एकमेकांत मिटली. पुरणपोळ्या मी उभ्यानं लाटल्या, भिंतीवर. दार बोटभर उरलं. मी आत, एक गाल चुलीच्या भिंतीला, दुसरा मालकांच्या पाठीला. इंद्या बाहेर गाडी पुसत होता. बाहेर त्याला जागा भरपूर होती.

पंचमीच्या दिवशी वैजू एसटीनं आपली आपणच आली. पायांना सण ठाऊक असतो. नवीन लुगडं, हातावर ओली मेंदी, काखेत पिशवी. गल्लीतल्या प्रत्येक दारात ती उभी राहायची आणि घर विचारायला तोंड उघडायची. तोंडातून काही यायचं नाही. लोक थोडं थांबायचे, मग दार लावून घ्यायचे. मी फटीतून ओरडले, "वैजू, हितं! ए वैजू!" हाक भिंतीत मुरली, ओल मुरावी तशी.

ती आमच्या अंगणात आली. गाडीकडं बराच वेळ बघत राहिली.

"चांगली आहे," म्हणाली. "कुठल्या कंपनीची?"

"कुठल्याच न्हाई, ताई." इंद्याचं तोंड उजळलं. "समदी मी केलीय."

आपल्या पाठच्या बहिणीला तो ताई म्हणाला. मग त्यानं तिला एकेक भाग हात लावून दाखवला. तिनं पाहुण्यानं पाहावं तसं सगळं पाहिलं.

"कुणाचं घर बघताय?" त्यानं विचारलं.

वैजूनं तोंड उघडलं. तिच्या जिभेवर, जिथून ते काढलं होतं, तिथं दाढ काढल्यासारखा खळगा होता. आतून मला तो स्वच्छ दिसला. तिनं तोंड मिटलं, पिशवी दुसऱ्या काखेत घेतली आणि सरळ रस्त्यानं चालू लागली.

इंद्यानं फडकं झटकलं आणि पुन्हा टाकी पुसायला घेतली. मी फटीला तोंड लावलं.

"इंद्या, गाडी तू केलीस, कबूल. पण बहीण कुठल्या गॅरेजात मिळत न्हाई."