माझं पांघरूण मीच विणते

“हिला चुलीजवळ नेऊ नकोस गं, लाडावून ठेवशील,” असं केर्ट्टूआत्यांनी बजावलं होतं. तळ्यापलीकडे एकट्या राहणाऱ्या या आत्येसासूचं बोलणं इर्मेलीने हसण्यावारी नेलं. मला त्यांच्याकडून घरी आणताच तिने पाव भाजायच्या भट्टीशेजारी ठेवलं आणि वर लोकरी शाल गुंडाळली. मित्रांनो, काय करावं अशा बाईला?

मी फिनलंडातल्या तारेच्या दह्याची एक जुनी कवडी आहे, विरजणाची. सासूकडून सुनेकडे जात जात इथवर आले. माझ्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. गारठा वाढला की ते साखरेच्या कणाला कण जोडून चिकट धागा काढतात आणि अंगाभोवती लपेटून घेतात. त्या धाग्यामुळेच चमचा उचलला की दही हातभर लांबतं. आयती ऊब मिळाल्यावर विणत कोण बसणार?

पण इर्मेलीला सांगणार कोण? बाहेर उणे तीस, तिची लेक सातू नुकतीच गोवरातून उठलेली. लेकीला तीन स्वेटर, तशी मला शाल. आठवडाभर तिने मला उबेतच विरजलं. मी आंबटढाण झाले, पाणी सुटलं, आणि तार गेली ती गेलीच. आजारातून उठलेली सातू हे दही तेवढं खायची, तार चमच्याला गुंडाळत गुंडाळत. तिने वाटी ढकलली. दुसऱ्या दिवशीही ढकलली.

तेव्हा कुठे इर्मेली गोठलेलं तळं ओलांडून धावली. आत्यांकडेही मीच होते, तागाच्या फडक्यात वाळून कडक झालेली. माझ्याच धाग्यात लपेटलेली, म्हणून जिवंत. आत्यांनी फडकं तिच्या हातात ठेवलं.

“दुधात भिजव, गार कोठीत ठेव. एवढी कॉलेज शिकलीस आणि दह्याला शाल पांघरतेस?”

“चुकलं, आत्या.”

चौथ्या दिवशी तार आली. सातूने वाटी चाटूनपुसून साफ केली, घर आनंदलं. माझा संताप मात्र जात नाही. आत्या घरातच कोट घालून वावरत होत्या, चुलीत गार राख होती, लाकडाची पेटी जवळजवळ रिकामी होती. इर्मेलीने घाईत यातलं काहीच पाहिलं नाही. माझी काळजी किती, आणि त्यांची?

मित्रांनो, गारठा मला मानवतो. म्हाताऱ्या माणसाला अंगातून धागा काढता येत नाही. कोठीच्या खिडकीतून मला तळ्यापलीकडचं धुराडं दिसतं. कालपासून त्यातून धूर निघालेला नाही. त्या बाजूला जात असाल, तर आधी आत्यांचं दार वाजवा.