माझा एकही पीळ तुटला नव्हता

मित्रांनो, दोरवालीच्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी मला वळलं गेलं. मी एक जुना दोर आहे. कापसाचा नाही, तागाचा नाही. अननसाच्या गोतातल्या एका काटेरी झाडाच्या पानांचा. गोत मोठं, पण आमचं घर लहान, जेमतेम दोन-तीन जाती. आमच्या तंतूंची जाळी होतात, पोती होतात, दोर होतात. कौतुक मात्र होतं ते गोड फळ देणाऱ्या भावकीचं!

दोरवालीने पानं भिजवली, ठेचली, धुतली. काट्यांनी तिचे हात सोलून निघाले. माझी टोकं तिने लाल दोऱ्याने आवळली आणि विहिरींचा गाळ काढणाऱ्या जावयाच्या हाती मला दिलं. म्हणाली, "जावईबापू, याला प्लॅस्टिकचा दोर जोडू नका. तो गुळगुळीत. गाठ धरत नाही."

बारा वर्षं मी त्याला खाली सोडलं आणि सुखरूप वर आणलं.

मग एक फार खोल विहीर आली. मी चार हात कमी पडलो. मुकादमाने पिवळा प्लॅस्टिकचा दोर आणून मला जोडला.

जावई म्हणाला, "सासूबाईंनी नको म्हटलंय."

"मग सासूबाईंनाच उतरव की! चल, आटप."

गाठ निसटली. जावई विहिरीच्या तळाशी आदळला आणि जागीच गेला. मुकादमाने गावभर सांगितलं, "म्हातारीचा पानांचा दोर तुटला." वर उभे असलेले दोघे गडी खाली माना घालून गप्प बसले.

तुटला? कोण म्हणतो तुटला? माझं टोक कुणी हातात तरी घेतलं का?

दोरवाली मला घेऊन लेकीच्या दारात गेली. "बाळे, टोक तरी बघ गं."

"तो दोर नको आणि तुझं तोंडही नको," म्हणून लेकीने दार लावलं.

चार वर्षं मी दोरवालीच्या खुंटीवर लटकलो. चार वर्षं ती रोज माझं टोक चाचपायची.

मित्रांनो, दोराला वाचा नसते, म्हणून त्याच्यावर काहीही ढकलता येतं. दोष देण्याआधी टोक बघत जा. तेवढे तरी कष्ट घ्या!

लेकीने अखेर मला खुंटीवरून काढलं. लाल दोरा जसाच्या तसा होता. तिने टोक बोटांनी चाचपून पाहिलं. तो बुधवार होता. जुळ्या सोळा वर्षांच्या झाल्या होत्या. दोरवाली आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारली होती.