घडीवर कापलेलं विमान

“बेडूकमासा झोपला वाटतं आज,” शिवणयंत्रावरून मान वर न करता वहिनी म्हणाल्या.

खिडकीजवळच्या टेबलाशी तिघे म्हातारे बसले होते. बसवाल्यांनी पत्ता पालथा टाकून बराच वेळ झाला होता आणि पायलट भिंतीकडे बघत होते. वहिनींचं बोलणं कानावर पडलं तसा त्यांचा चेहरा जरा उजळला.

“हॅम्पडन,” ते म्हणाले. “पुढे सगळं डोकं, मागे नुसती शेपूट. हॅम्पडन बॉम्बर.”

“बरोबर,” बसवाले म्हणाले आणि उगाचच चहाचा कप सरळ केला.

वहिनींनी पुन्हा पायडल मारलं. गणवेशाची बाही शिवता शिवता त्यांनी एक सुस्कारा सोडला, तो यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नाही.

पायलट म्हणजे वहिनींचे यजमान. हे नाव मित्रांनी ठेवलेलं. विमानात ते जन्मात बसले नव्हते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाइपांचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली. पण तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना पत्त्यांचा एक जोड मिळाला होता. त्यावर राजाराणी नव्हते, विमानांच्या काळ्या आकृत्या होत्या. लढाईच्या काळात टेहळणी करणाऱ्यांना असे पत्ते देत. डोक्यावरचं विमान आपलं की शत्रूचं, हे नुसत्या आकारावरून ओळखायचं. त्या एका जोडापायी पायलट वेडे झाले, आणि वेडाला सोबत लागतेच, म्हणून चष्म्याचं दुकान चालवणारा एक मित्र आणि बस चालवणारा दुसरा, असे दोघे त्यांनी नादी लावले.

दर रविवारी दुपारी खेळ. पत्ता एकदाच दाखवायचा आणि पालथा टाकायचा. विमान काही परत फिरून तोंड दाखवायला येत नाही, असं पायलट म्हणत. हरेल त्याने कप विसळायचे.

जोड तिघांनाही तोंडपाठ झाला तेव्हा पायलट जुन्या मासिकांतून कुणी नावही न ऐकलेली विमानं हुडकू लागले. एकाचं नाव डिफायंट, म्हणजे कुणाला न जुमानणारं, आणि समोर गोळी झाडायला त्यात बंदूकच नव्हती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ही विमानं पायलट काळ्या कागदाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पेन्सिलीने काढत आणि वहिनी कापून पुठ्ठ्यावर चिकटवत. काढत तेही अर्धंच. शाळांचे गणवेश शिवून देणारी बायको घरात होती. सदऱ्याची पाठ कापावी तसा कागद दुमडून घडीवर कात्री चालवली की उलगडल्यावर अख्खं विमान, दोन्ही पंख सारखे. शेकड्यांनी विमानं वहिनींच्या हातून गेली असतील. पण खेळात त्यांना पत्ता कुणी कधी दाखवला नव्हता आणि त्यांनीही कधी मागितला नव्हता.

आता वर्षभर पायलटांचं विसरणं सुरू होतं. आधी चाव्या, मग रस्ता, मग कचेरीतल्या माणसांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हळूहळू वाढेल म्हणाले. वहिनींनी ते मित्रांना सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा का कळलं की दोघे हळहळतील, मग अवघडतील, मग एखाद्या रविवारी काहीतरी काम निघेल आणि येणं बंद होईल, अशी त्यांना धास्ती होती. रविवारची दुपार एवढीच काय ती पायलटांची उरली होती. म्हणून वहिनींनी आपलं यंत्र आतल्या खोलीतून बाहेर आणलं आणि तिथून त्या आडून आडून सुचवू लागल्या. बेडूकमासा, जोड होड्या, पसरट भाकरी. कापताना त्यांनीच ठेवलेली ही नावं.

पण याच आठवड्यात एक गोष्ट झाली होती. सकाळी वहिनी सदऱ्याला बटणांची काजं करत होत्या. पायलट दाराशी येऊन उभे राहिले आणि फार अदबीने म्हणाले, “बाई, ही कुठे बाहेर गेलीय का? चहाचं विचारायचं होतं.” वहिनी हसून उठल्या आणि चहा टाकला. मग स्वयंपाकघराचं दार लोटून हातातल्या अर्धवट सदऱ्यात तोंड खुपसून रडल्या. हे कुणाला सांगायचं, आणि कसं?

आता त्या दुसऱ्या चहासाठी आत गेल्या तर मागोमाग चष्मेवाले आले.

“वहिनी, साखर कमी टाका मला.”

“तुम्ही साखर घेतच नाही, भाऊजी.”

चष्मेवाले ओट्याशी घुटमळले. “आम्हाला कळतं हो,” ते शेवटी म्हणाले. “कधीचंच कळलंय. आम्ही हल्ली सोपेच पत्ते काढतो. दारातून आत यायच्या आधी ठरवून येतो, आज काय काढायचं ते.”

वहिनींना आधी रागच आला. “मग मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही इतक्या मन लावून सुचवत होता. म्हटलं, तुमचा हिरमोड कशाला.”

वहिनींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. “भाऊजी, येणं सोडू नका,” त्या म्हणाल्या. “बाकी काही नको मला. त्यांना एकही ओळखता आलं नाही तरी या.”

“कप विसळायला तरी येऊच की,” चष्मेवाले म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

बाहेरून बसवाल्यांचा आवाज आला. “राहू दे रे, पायलट. तो पत्ता नको. चुकून आलाय.”

“थांब. बघू दे.”

चहाचा ट्रे घेऊन वहिनी आणि मागोमाग चष्मेवाले बाहेर आले. पायलटांनी पत्त्यांच्या पेटीच्या तळातून एक जुना पत्ता काढला होता. वहिनींनी तो लांबूनच ओळखला आणि त्यांचे कान तापले. एक जर्मन विमान होतं, मुळातच वाकडं. इंजिन आणि लांब शेपूट एकीकडे, माणसं बसायची काचेची खोली उजव्या पंखावर दुसरीकडे. ते एकच पायलटांनी अख्खं काढून दिलं होतं. शाळा उघडायचे दिवस होते, गणवेशांचा ढीग पडला होता, आणि वहिनींनी सवयीने कागद दुमडून कात्री चालवली. निघालं भलतंच: मधे शेपूट आणि दोन्ही पंखांवर एकेक खोली. त्या रविवारी मित्रांनी डोकी खाजवली, भांडले, हवी ती नावं घेतली. शेवटी चूक उमगली तेव्हा पोट धरून हसले. पुढे कितीतरी दिवस तो पत्ता ‘वहिनींचं विमान’ होता. वहिनीही हसल्या होत्या, पण मनातून खट्टू झाल्या होत्या.

पायलट पत्ता दोन्ही हातांत धरून बघत होते. बसवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. या विमानाला एकच नाव होतं आणि ते वहिनींच्या तोंडून निघेना.

“असलं विमान नाही,” पायलट म्हणाले. त्यांचा आवाज जुन्या रविवारांसारखा होता. “कधीच नव्हतं. कुठल्याच देशाचं नाही. हे घडीवर कापलंय.”

बसवाल्यांनी पुढे वाकून पत्ता पाहिला.

“माझ्या बायकोने कापलंय. पेटीत ठेवतानाच दिसलं होतं मला.”

“तेव्हा बोलला नाहीस तो?” बसवाले म्हणाले. “तासभर आम्हाला नाचवलंस.”

“तिने रात्री डोळे फोडून कापलं होतं रे. चुकलं म्हणून कसं सांगायचं?” पायलटांनी पत्ता जरा लांब धरला. “आणि खरं सांगू? मूळच्यापेक्षा हेच बरं उडालं असतं. तोल आहे याला.”

वहिनी ट्रे घेऊन टेबलाजवळ आल्या. पायलटांनी मान वर केली. त्यांच्याकडे पाहून ते ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं हसले.

“तुम्ही तिला बोलू नका हं, बाई,” ते म्हणाले. “वाईट वाटेल तिला. येईलच आता, गणवेश पोचवायला गेली असेल.”

बसवाल्यांनी तोंड फिरवलं. चष्मेवाले पुढे झाले, पण वहिनींनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि ट्रे टेबलावर ठेवला.

“नाही बोलणार,” त्या म्हणाल्या.

“बसा ना. उभ्या का?” पायलटांनी स्वतः उठून खुर्ची ओढली. “ती येईपर्यंत एक डाव खेळा आमच्याबरोबर. सोपं असतं. पत्ता एकदाच दाखवणार, बरं का.”

वहिनी बसल्या. दोघे मित्र न हरताच मघाचे रिकामे कप गोळा करून आत गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला. पायलटांनी पेटीतून एक पत्ता निवडला आणि वहिनींच्या समोर धरला. पंखाच्या टोकाशी कात्री जरा घसरली होती, ती जागासुद्धा वहिनींना आठवत होती.

“सांगा,” पायलट म्हणाले.

“मला नाही येत,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हीच शिकवा.”

पायलटांनी खुर्ची जवळ सरकवली. नियम मोडून पत्ता तसाच समोर धरून ठेवला आणि पंखाच्या टोकापासून सांगायला सुरुवात केली.