सव्विसावा फर्मा

सभागृहात मांडलेल्या कागदपत्रांचा एक बांधीव खंड दर आमदाराला मिळायचा. एकच, दुसरा मागायची सोय नव्हती. एकही खंड अपुरा निघाला, तर सगळ्यांचं वाटप थांबवायचं आणि जबाब बांधणाऱ्याने द्यायचा, असा नियम. बांधणीच्या बाईंना तो तोंडपाठ होता. आपल्यावर शेकेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्या सकाळी साहेबांनी एका आमदाराचा परत आलेला खंड त्यांच्यापुढे ठेवला. पुलाच्या चौकशीचा अहवाल गायब. संध्याकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं ते अगदी हळू म्हणाले.

बाईंनी पाठीचं कापड सोललं. सोळा-सोळा पानांच्या प्रत्येक फर्म्याच्या घडीवर त्या शाईची रेघ ओढत, आधीच्यापेक्षा जरा खाली. सगळे एकत्र आले की पाठीवर जिना दिसे. जिन्याची सव्विसावी पायरी नव्हती. दोरा कोरडा होता, आणि मेण लावल्याशिवाय त्या दोरा ओवतच नसत. म्हणजे कुणीतरी उसवून पुन्हा शिवलं होतं. शेवटची गाठ दुहेरी, डावीकडे वळलेली. तशी गाठ मारणारा माणूस एकच, त्यांना हे काम शिकवणारा सख्खा मामा.

मामा निवृत्त झाले होते, तरी दुपारच्या चहाला हटकून यायचे. आजही आले. बाईंनी कप पुढे केला, खंडही.

मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. अहवालात त्या आमदाराचंच नाव होतं. नातवाला नोकरीला चिकटवतो म्हणाला तो. त्याचाच खंड, त्याचीच पानं, आपलं काय जातंय, असं त्यांना वाटलं. वाटप अडवायचा डाव आहे हे नंतर कळलं म्हणे.

“माझी नोकरी जाईल, मामा.”

“म्हणून तर गाठ माझी ठेवली. तुझ्यासारखी मारता येत नाही होय मला? तुझ्यावर आळ नको, एवढंच पाहिलं.”

बाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. कप धरतानाही ती थरथरत होती. आपली बारीक एकेरी गाठ त्यांना आता जमली असती का, हे काही केल्या ठरेना.

त्या खंड घेऊन उठल्या.

“चहा संपवू ना?” मामांनी विचारलं.

मग मागून चपला वाजत आल्या. साहेबांच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. बाई एकट्याच आत गेल्या.

“दोरा माझा नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “गाठ कुणाची ते सांगते.”