मागच्या सीटचं वजन

तिजानीने नवी टूरिंग बाइक घेतली आणि तीन दिवस मेकॅनिक लखदरचं डोकं खाल्लं. रोज सकाळी गॅरेजात हजर. हॅण्डल वर घे, मनगट भरून येतं. आता जरा मागे घे. ब्रेकचा दांडा खाली कर. सीट दोन बोटं उतरव, कंबर धरते. पुढची काच उंच कर, वारा छातीवर बसतो. लखदरने सगळं केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. गाडी माणसाच्या अंगाला बसली पाहिजे, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा.

राहिली मागची स्प्रिंग. गाडीवर ओझं किती, ते बघून ती आवळायची असते. सैल राहिली तर गाडी मागून बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी माणसाचं ऐकत नाही. आणि तिजानी जाणार होता तिघानिमीनच्या घळीतून, बिस्क्राला मेहुणीकडे. त्या रस्त्याला एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

"मागे कोण बसणार?" लखदरने विचारलं.

"मंडळी."

"वजन?"

आता प्रश्न म्हणाल तर साधा. पण आमच्या बात्ना शहरात दुसऱ्याच्या बायकोचं नावसुद्धा कोणी चारचौघांत काढत नाही, आणि हा बाबा तिचं वजन विचारून बसला! शेजारच्या कॉफीवाल्याकडे डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. तिजानीने उठून लखदरच्या कानाखाली अशी वाजवली की तो टायरांच्या ढिगावर जाऊन आदळला.

"माझ्या बायकोचं वजन करतोस? खाटीक आहेस का रे?"

"अरे बाबा, स्प्रिंगसाठी विचारलं..."

"साठ लाव. पुन्हा तोंड उघडलंस तर दात घशात घालीन."

साठ म्हणे! त्याच्या बायकोला, हद्दाला, अख्ख्या बात्नाने बाजारात बघितलं होतं. उंच, थोराड, दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन चढ चढणारी बाई. पण बघितलं होतं असं म्हणायची सोय कुठे होती? लखदरने गाल चोळला, खाली बसला आणि स्प्रिंगची गोल मूठ खटके मोजत मुकाट्याने नव्वदच्या अंदाजाने फिरवली. एक बाई धडपणे बहिणीकडे पोचेल, आपल्या बापाचं काय जातं, असं त्याला वाटलं.

तिथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाइक गॅरेजच्या दारात येऊन थांबली. मागे हद्दा, तोंड झाकणारं हेल्मेट घातलेली, मांडीवर बहिणीसाठी केलेल्या खजुराच्या वड्यांचा डबा. गाडी मागून इतकी दबली होती की पुढचा दिवा थेट मशिदीच्या मनोऱ्याकडे बघत होता.

तिजानी उतरला. हातात कंपनीचं पुस्तक.

"चोवीस खटके! घरी जाऊन एकेक मोजला मी. यात छापलंय, चोवीस म्हणजे नव्वद. तुला कसं कळलं नव्वद? कुठून बघितलंस? किती वेळ बघत होतास, सांग ना!"

"तू सैल केलीस ती?"

"बारावर आणली. साठ म्हणजे साठ."

लखदर तसा भित्रा. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा. पण ती दबलेली गाडी बघून त्याचं भानच सुटलं. त्याने झडप घालून किल्ली उपसली आणि मुठीत धरली.

"ही गाडी घळीत जाणार नाही. तुला मरायचं तर मर, वहिनींना कशाला नेतोस?"

तिजानीने स्वतःचं हेल्मेट गरकन फिरवून त्याच्या खांद्यावर घातलं. हाड काडकन मोडलेलं कॉफीवाल्यापर्यंत ऐकू गेलं. लखदरने दुसऱ्या हाताने पाना उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. दोघंही ऑइलमध्ये लोळले. नाकातलं रक्त कोणाचं, शर्ट कोणाचा फाटला, काही कळेना. बघे "सोडा रे, सोडा" म्हणत होते आणि एकही मेला पुढे येत नव्हता. शेवटी तिजानी त्याच्या छातीवर बसला आणि त्याचं डोकं फरशीवर आपटायला लागला. "दे किल्ली! दे!" मूठ उघडेना तेव्हा उठून तिच्यावर टाच दिली. लखदर ओरडला, पण मूठ उघडली नाही.

"ब्याण्णव."

हद्दा गाडीवरून उतरली होती.

"ब्याण्णव किलो. सगळ्यांनी ऐकलं ना? नसेल ऐकलं तर परत सांगते. भावजी, किती खटके?"

डॉमिनोवाल्यांच्या माना खाली गेल्या.

"पंचवीस," लखदर रक्त थुंकत म्हणाला.

ती वाकली आणि मोठ्याने मोजत स्प्रिंगची मूठ फिरवायला लागली. तेरा, चौदा, पंधरा. पंचविसाला ती सरळ होते न होते तोच तिजानीने सगळी ताकद लावून तिच्या तोंडावर ठोसा मारला. हेल्मेटचं भान कोणाला होतं! त्याचीच बोटं फुटली. हात पोटाशी धरून तो विव्हळत खाली बसला.

हद्दा दोन पावलं मागे गेली, पण पडली नाही. तिने हेल्मेट काढलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"तीन दिवस हॅण्डल तुमच्या मनगटाला बसवत होतात, सीट तुमच्या कमरेला. माझा फक्त एक आकडा सांगायचा होता. मी दरीत गेले असते तरी तुम्हाला चाललं असतं. आकडा लोकांना कळलेला नाही चालला."

आणि तेच हेल्मेट तिने त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. मग वड्यांचा डबा उचलून ती बसस्टॅण्डच्या रस्त्याला लागली.

आता हा उठेल, मागे धावेल, पाय धरेल, असं लखदरला वाटलं. तिजानी उठला खरा. ओठ पुसला आणि म्हणाला, "किल्ली दे. आणि स्प्रिंग एकट्यासाठी लाव."

लखदर त्याच्याकडे बघतच राहिला.

"वजन?"

"चौऱ्याऐंशी," तिजानी सगळ्यांसमोर सहज सांगून मोकळा झाला.

लखदरला असा संताप आला की तो खांद्याची कळसुद्धा विसरला. त्याने किल्ली त्याच्या अंगावर फेकली. "तूच फिरव, भडव्या."

सुजलेल्या बोटांनी स्प्रिंगची मूठ हलेना. डाव्या हाताने जोर लागेना. "कोणीतरी या रे," तिजानी कॉफीवाल्याकडे बघून म्हणाला. कोणी उठलं नाही.

साडेनऊची बिस्क्राची बस गॅरेजवरून गेली तेव्हा तो तिथेच उकिडवा बसून झटत होता. हद्दा खिडकीशी होती, डबा मांडीवर घेऊन. लखदरने मान वर करून, सगळ्यांच्या देखत, बस वळेपर्यंत तिच्याकडे बघितलं.