पाखरीचं दावं

"हे दावं मला कशापायी?" सुभद्रानं दारातूनच आवाज चढवला.

दारात ऑलिव्हिया उभी होती, दादरच्या हर्बर्टची पुतणी. हातात पिशवी आणि पिशवीत सुताचं जुनं दावं. "अंकलने पाठवलंय, मावशी. पाखरीला नवीन आणलं ना. हे राजारामभाऊंच्या हातचं, तुमच्याकडे आठवण राहू दे बोलले."

"भली आठवन! सांग तुज्या अंकलला, सुभद्रानं घोडी इकली न्हाई!"

पोरगी बिचारी भांबावली आणि लिफ्ट येताच सटकली. सुभद्रा दार उघडंच टाकून बसली. उघडं ठेवून तरी काय फायदा? समोरची दारं सदा बंद. लोअर परळच्या या टॉवरच्या मागं जुन्या रहिवाशांची ही इमारत बांधली, प्रत्येकाला घर दिलं, आणि चाळीत एकमेकांच्या डाळीचं मीठ ठाऊक असणारी माणसं पाहुण्यासारखी वागायला लागली. आता कुणी आजारी पडलं तर खाली ॲम्ब्युलन्स आल्यावर कळतं.

टॉवर उभा राहिला त्या जागी पूर्वी तबेला होता. राजाराम, सुभद्राचा नवरा, पाखरीला वरातीत न्यायचा, एरवी शिवाजी पार्कापाशी पोरांना फेऱ्या मारून आणायचा. तट्टूच ते, पण सुभद्रा तिला घोडी म्हणायची, आणि पोटी लेकरू नसल्यानं कधीकधी नुसतं 'बाय' म्हणायची. राजाराम गेला, पाठोपाठ तबेला गेला. हर्बर्टच्या अंगणात त्याच्या आजोबांच्या घोडागाडीची खोली रिकामी पडली होती. जागा मिळेपर्यंत सांभाळतो म्हणाला, म्हणून पाखरी त्याच्याकडे दिली, तीही दाव्यासकट.

रागाचं मूळ तिथंच होतं. सुभद्राच्या माहेरी माणदेशात जनावर विकलं की दावं विकणाऱ्यानं घरी ठेवायचं, नाहीतर गोठ्यातली लक्ष्मी निघून जाते म्हणतात. सांभाळायला दिलेलं जनावर मात्र दाव्यासकट जातं. म्हणजे दावं माघारी आलं याचा अर्थ एकच. न विचारता सौदा उरकला म्हणायचा!

तिनं गावी दिराला फोन लावला. रघु केव्हाचा मागं लागला होता, वयनी, छपरी मोकळी हाय, घोडी आना, तुमीबी या, थितं कोन हाय तुमचं?

"टेम्पो धाड, भावजी. उद्याच. आमी दोगीबी येतो."

दावं काखोटीला मारून ती दादरला निघाली. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, मेट्रोच्या खणलेल्या मातीचा फुफाटा दातांखाली कचकचत होता. पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत पोचेपर्यंत तिनं मनातल्या मनात हर्बर्टच्या सात पिढ्या उद्धारल्या.

हर्बर्ट ओट्यावर बसून गाजरं चिरत होता. म्हातारा, अंगानं काटकुळा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

"हर्बटसायेब, दावं धाडून घोडी गिळायचा इचार हाय व्हय?"

"काय बोलता, सुभद्राबाई?"

तिनं रीत सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या हातातली सुरी खाली गेली. "देवाशपथ, मला कसं ठाऊक असणार? आजोबांची गाडी गेली तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"ऱ्हाऊ द्या. म्या तिला न्यायला आलेय. गावाला."

त्यानं गाजरं बाजूला सारली. "तुमचीच आहे, न्या. पण डॉक्टर बोलला, तिचे गुडघे गेलेत. टेम्पोत उभी नाही राहणार. घाटात बसली तर परत उठायची नाही."

"डाक्टरनं वाढीवली का तिला?"

तेवढ्यात आतून पाखरी खिंकाळली. आवाज ओळखला होता तिनं! सुभद्रा धावली. डोळ्यांवर खळगे पडलेले, तोंड पांढरं झालेलं, पण पाखरीनं पदरात तोंड खुपसलं ते अगदी पूर्वीसारखंच. सुभद्राचा बांध फुटला. "बाय माजी, चल, आपल्या घरी चल."

जुनं दावं बांधून तिनं पाखरीला बाहेर काढलं. टेम्पो येईपर्यंत रात्र इमारतीखाली काढायची, वॉचमनच्या हातापाया पडायचं, असा बेत. प्रभादेवीपर्यंत पाखरी लंगडत, थांबत आली. पण लोअर परळ आलं तशी तिनं मान उचलली आणि सुभद्रालाच ओढत निघाली. कुणी न सांगता गल्लीत वळली. थेट टॉवरच्या फाटकाशी, आडव्या दांड्यापुढं, जिथं तिची गव्हाण होती तिथं जाऊन थांबली.

"मौसी, इधर नहीं चलेगा," वॉचमन उठला. "जानवर अलाऊड नहीं."

पाखरीनं चकचकीत फरशीवर नाक टेकलं. हुंगलं. खुरानं उकरायला लागली. मग तिचे पुढचे पाय लटपटले आणि ती तिथंच बसली.

मागं गाड्यांचे हॉर्न. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागलं. सुभद्रानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "ऊठ गं. हितं काय न्हाई ऱ्हायलं आपलं. समदं मातीत गेलं."

शेवटी वॉचमननंच पोटाखाली हात घातला, कोपऱ्यावरची भाजीवाली धावली, तेव्हा कुठं पाखरी उभी राहिली. दादरहून इथवर चालताना जिची ही गत, ती घाटात काय टिकणार? सुभद्राला स्वतःची लाज वाटली. गावाला घोडी न्यायची नव्हती तिला, आपल्या एकटेपणाला सोबत न्यायची होती.

टेकत, थांबत ती पाखरीला माघारी घेऊन गेली. वाटेत रघुला फोन केला. "टेम्पो नगं धाडूस."

"मंग तुमी तरी या, वयनी."

"थितं येऊन कुनाची वाट बघू? हितं निदान ठावं हाय, ती दादरात हाय."

हर्बर्टनं बादली भरून ठेवली होती. पाखरीला पाहताच त्याचे डोळे भरून आले. सुभद्रानं नवं दावं बांधलं, जुनं सोडून गुंडाळलं.

"ह्ये म्या घिऊन जाते. आता रीतीनं झालं. घोडी तुमची."

"असं कसं? दर रविवारी या. मीपण एकटाच असतो. चहा करेन."

"म्या दिसले की ती माज्यामागं निघनार, हर्बटसायेब. निघाली की त्या फाटकाशी जानार."

हर्बर्टनं मान खाली घातली. "मागच्या वेळी तुम्ही तिला सोडून गेलात, तर कितीतरी दिवस माझ्या अंगणाच्या फाटकाशी उभी होती. घास नाही खाल्ला."

"म्हनूनच."

पाखरीनं बादलीत तोंड घातलं होतं. सुभद्रानं तिच्या पाठीवर हात टेकवला, फिरवला नाही. फिरवला असता तर तिनं मान वळवली असती. पाणी पिण्याचा आवाज चालू होता तोवरच ती निघाली. अंगणातून फाटकापर्यंत अनवाणी गेली, चपला हातात धरून, वाजू नयेत म्हणून.