सावळ्या आजोबांचा गोरा फोटो

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना मॉनिटर आहे, आणि कितीतरी वर्षं मला झोप म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. कारखान्यातून फोटो स्टुडिओत आलो तेव्हा काय माझा तोरा! मालकांनी पहिल्याच दिवशी माझा उजेड शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला. "रस्त्यावरून दिसलं पाहिजे, दुकान चालू आहे," म्हणाले. आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाकली. झालं! मालक जेवायला जावोत की घरी, मी आपला टक्क जागा.

लोक कौतुक करायचे, मीही फुशारायचो. पण आतले दिवे सारखे जळून जळून मंदावत होते, इतके हळू की मालकांना पत्ताच लागला नाही. माझ्यावर चेहरा काळपट दिसला की ते तो उजळायचे. मी आणखी मंदावलो की आणखी उजळायचे. कागदावर मात्र माणसं पिठात लोळल्यासारखी पांढरीफटक निघायची. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? नुसती तगमग!

एकदा एक आजी आल्या. गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो, तोही चुरगळून पिवळा पडलेला. मालकांनी खपून तो नीट केला, मोठा करून दिला. आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"छान आहे रे बाळा, पण हा गोरापान कोण? आमचे हे चांगले सावळे होते. या परक्या माणसाशी मी रोज काय बोलू?"

त्या गेल्यावर मालक बायकोला म्हणाले, "माझे डोळेच गेले गं. बंद करू या हे काम."

उभा जन्म चेहरे दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, आणि माझ्यापायी हार मानत होता! खरं कळलं तर मी भंगारात जाणार, हे दिसत होतं. तरी जीव कासावीस होऊन वाटत होतं, अहो, माझ्याकडे बघा ना!

मालकीणबाईंनी बघितलं. एक कोरा कागद माझ्या शेजारी धरला. "अहो, हा पांढरा बघा आणि याचा पांढरा बघा. जुन्या अभ्र्यासारखा दिसतोय. उजेड वाढवा बरं."

"शंभरावरच आहे."

"मग डोळे तुमचे नाही गेले, दिवे याचे गेलेत!"

अपमान झाला खरा, पण हायसंही वाटलं.

नवा मॉनिटर आला. त्याचा उजेड खोलीला शोभेल इतकाच ठेवला. मला भंगारात नाही टाकलं, बिलं करायला गल्ल्यापाशी बसवलं. तिथूनच मी आजींना नव्याने केलेला, सावळा फोटो हातात घेताना पाहिलं. त्यांनी तो पदराने पुसला. मग फोटोलाच म्हणाल्या, "आलात का? चला घरी."

मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या मॉनिटरचा उजेड गरजेपुरता ठेवा, आणि उठताना त्याला डोळे मिटू द्या. बघा, मालक जेवायला उठले. आता माझं बटण दाबतील. झोपतो मी.